सहावा फोन वाजला नाही

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. पण माझ्या उभ्या आयुष्यात मला एकही फोन आलेला नाही. हसू नका! माझ्यात सिमकार्ड कधी घातलंच नाही. मी टेस्टिंगचा फोन. नवीन ॲप लोकांच्या हाती जाण्याआधी ते आमच्यावर चालवून बघतात. चाललं तर कौतुक त्यांचं, अडकलं तर शिव्या आम्हाला.

कारखान्यातून माझ्याबरोबर हजारो भावंडं बाहेर पडली. कुणी खिशात बसून गावं पाहिली, कुणी एखाद्या आजीच्या उशाशी झोपलं. मी मात्र खोक्यातून निघालो तो थेट ऑफिसातल्या एका लांब टेबलावर. माझ्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर आकडा लिहिला, सहा. कुणी उचलून नेऊ नये म्हणून मला चार्जरच्या वायरीने टेबलालाच बांधलं. वायर हातभर लांब, म्हणून माझं जगही हातभर. खिडकी दिसायची, पण खालचा रस्ता काही दिसायचा नाही.

माझ्याइतकीच त्या टेबलाला बांधलेली आणखी एक व्यक्ती होती. ती प्रोग्रामर होती आणि तिला सगळे ताई म्हणत. औषधाची वेळ झाली की गजर वाजवणारं ॲप ती लिहीत असे. वापरणारे बहुतेक म्हातारे. गोळी चुकली की तब्येत बिघडायची, म्हणून गजर चुकून चालायचं नाही.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. फोनांची दोन घराणी आहेत आणि एकाची भाषा दुसऱ्याला ओ की ठो कळत नाही. त्यामुळे एकच ॲप दोनदा लिहावं लागे. माझ्या घराण्यासाठी ताई लिहायची, दुसऱ्या घराण्यासाठी समोरच्या खुर्चीवरचा दाढी. त्याला दाढी होती म्हणून दाढी, बाकी काही नाही. एक बटण मोठं करायचं तरी दोघांनी वेगवेगळं खपायचं. एक चूक तिकडे दुरुस्त झाली की इकडे राहायची, इकडे झाली की तिकडे. नुसता गोंधळ!

त्यात ताईचं लिखाण ताईशिवाय कुणाला वाचता येत नसे. सहा वर्षांत तिला सलग चार दिवस सुट्टी मिळाली नाही. तापाने फणफणलेली असतानाही ती येऊन बसायची. ऑफिसचे प्रमुख, म्हणजे सर, येता-जाता म्हणायचे, "ताई, तुझ्याशिवाय इथलं पान हलत नाही." ऐकायला गोड वाटतं हो! पण ज्याच्यावाचून पान हलत नाही, त्याला स्वतःलाही जागचं हलता येत नाही.

दुसऱ्या गावी ताईची आई एकटीच राहत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख ताईने दोनदा पुढे ढकलली होती. "अगं, घाई नाही. मला अंदाजाने सगळं जमतं," असं आई फोनवर म्हणायची. मग एके दिवशी शेजारणीनेच कळवलं, की आईने उकळतं पाणी कपात ओतायचं ते हातावर ओतून घेतलं. त्या दिवशी ताईने डोकं टेबलावर टेकलं, अगदी माझ्या शेजारी. मला फार वाईट वाटलं. पण मी करणार काय? मीही बांधलेलाच.

तोड काढली ती दाढीने. तो सरांना म्हणाला, "सर, एकाच बाळाला आपण दोन घरांत दोनदा जन्म देतोय. फ्रेमवर्क घेऊ या." फ्रेमवर्क म्हणजे एक तयार सांगाडा. त्यात ॲप एकदाच लिहायचं, दोन्ही घराण्यांच्या भाषेत उतरवायचं काम तो करतो. "चालतंय ते कशाला मोडायचं?" म्हणून सरांनी नाक मुरडलं, पण शेवटी हो म्हणाले.

चार महिने काम चाललं आणि टेबलाचा नूरच पालटला. पूर्वी एवढासा बदल केला तरी तो माझ्यावर दिसेपर्यंत ताईचा चहा गार व्हायचा. आता संगणकावर अक्षर बदललं की माझ्यावर डोळ्यांदेखत बदलायचं. एक चूक काढली की दोन्ही घराण्यांतून गेली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ताई आणि दाढी पहिल्यांदाच एकच लिखाण वाचत होते, एकमेकांच्या चुका काढत होते, खिदळत होते. ताईने आईला तिसरी तारीख कळवली. गुरुवारी ऑपरेशन, बुधवारी संध्याकाळी सहाची बस, दहा दिवस सुट्टी. बुधवारी दुपारी ॲप लोकांच्या हाती द्यायचं आणि निघायचं.

माझं काय झालं, विचारता? संगणकाच्या पडद्यावरच एक खोटा फोन उघडून सगळं तपासता येऊ लागलं. एका सकाळी दाढीने माझी वायर सोडली. मी असा हरखलो म्हणून सांगू! त्याने मला उचललं आणि खणात टाकलं. खण बंद. आगीतून फुफाट्यात. तिथे खिडकीही नव्हती.

किती दिवस गेले, मोजले नाहीत. मग त्या बुधवारी खण उघडला. बॅग खांद्याला लावलेली ताई समोर होती. जाण्याआधी सगळ्या सहा फोनांवर गजर वाजवून बघायची तिची जुनी सवय. आम्हाला ओळीने मांडलं, वेळ लावली. पाच फोन ठणाणा वाजले. मी गप्प. आतून जीव तोडून ओरडत होतो, पण आवाजच फुटेना.

ताईचा चेहरा उतरला. तिने माझी बॅटरी पाहिली, नऊ टक्के. तिच्या लगेच ध्यानात आलं. बॅटरी उतरली की माझ्या घराण्यातले जुने फोन अंग चोरतात आणि गजरालाही झोपवतात. फार पूर्वी तिने त्यावर चार ओळींचा उपाय लिहिला होता आणि वर फक्त एवढंच नोंदवलं होतं, 'हे काढू नका'. का काढू नका, ते तिच्या डोक्यात. जुनं लिखाण नव्या सांगाड्यात आणताना दाढीला त्या ओळी अडगळ वाटल्या आणि त्याने त्या गाळल्या. टेबलावरचे बाकीचे फोन कायम चार्जरला, म्हणून कुणाला पत्ताच लागला नाही.

सर म्हणाले, "सहा नंबर सोडून द्या. एवढा जुना फोन वापरतंय कोण?"

"आपल्या लोकांत दर पाचवा वापरतो, सर. मुलं नवीन घेतात, जुना आईवडिलांना देतात. आणि चार्जिंगला लावायला ते विसरतातच," ताई म्हणाली.

इकडे आड, तिकडे विहीर. मला सोडलं तर कित्येकांची गोळी चुकणार, दुरुस्त करत बसलं तर बस चुकणार. ताईने बॅग खाली ठेवली. घरी फोन लावला. "आई, अगं, ती उद्याची तारीख..."

दाढीने पुढे होऊन मला तिच्या हातातून काढून घेतलं. "निघतेय म्हणून सांग तिला. ओळी मी गाळल्या, मीच घालतो. हे लिखाण आता माझंही आहे. मला फक्त ते 'का' सांग."

 ताई फोनमध्ये म्हणाली, "काही नाही गं. निघतेय."

दहा मिनिटांत तिने सगळं सांगितलं, दाढीने उतरवून घेतलं. मग ती गेली, जवळजवळ पळतच. पूर्वी रोज माझा पडदा बंद करून जाणारी ताई त्या दिवशी विसरली. मला राग नाही आला. उलट बरंच वाटलं.

फ्रेमवर्कलाही एक छोटी खिडकी असते, तिथून एखाद्या घराण्याशी त्याच्याच भाषेत बोलता येतं. दाढीने तिथे त्या ओळी बसवल्या आणि या वेळी कारणही लिहिलं. ॲप एक दिवस उशिरा गेलं. गुरुवारी दुपारी माझ्यात चार टक्के जीव उरला असताना मी असा वाजलो, की सर खुर्चीतून उठले.

शुक्रवारी ताईचा फोन आला. दाढीने विचारलं, "पट्टी काढली? दिसलं का आईला?"

"दिसलं रे. मला बघितलं आणि म्हणाली, अगं, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

 मला खणात ठेवायचंही दाढीच्या लक्षात राहिलं नाही.

मित्रांनो, आता बॅटरी सुजून माझी पाठ फुगली आहे आणि मी पुन्हा त्याच खणात आहे. नवीन काही तयार केलंत, की माझ्यासारख्या जुन्यालाही एकदा बाहेर काढून बघा, एवढं मागतो. आणि ज्या माणसावाचून तुमचं काम अडतं, त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला येतं ते शिकून घ्या, आणि त्याला घरी जाऊ द्या, केस काळे आहेत तोवर.