माझ्या डोळ्यावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना, एका डोळ्याचा वेबकॅम आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. हल्ली माझं काम मोबाईलवरचा एक बारीक ठिपका करतो आणि त्याची कोणी दखलही घेत नाही. माझा थाट वेगळा होता. लिंबाएवढा मी, जाडजूड मॉनिटरच्या डोक्यावर चिमटा लावून बसायचो. घरात येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघून केस नीट करायचा आणि मगच खुर्चीत टेकायचा.

कुठल्या कारखान्यात घडलो ते मला आठवत नाही. माझ्या आठवणी सुरू होतात रायपूरच्या शंकर नगरातल्या एका दुकानापासून. तिथून गौतम नावाच्या तरुणानं मला त्याच शहरातल्या गुढियारी भागात आपल्या सासऱ्यांच्या घरी आणलं. सासरे म्हणजे अनंतराव. मूळचे वर्ध्याकडचे, पण सारी नोकरी इथल्या रेल्वेच्या मालधक्क्यावर झाली. छत्तीसगड वेगळं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. आता कचेऱ्या इथंच येणार, म्हणजे आपली एकुलती एक शर्मिष्ठा नोकरीसाठी गाव सोडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. तिला इथल्या एका कचेरीत नोकरी लागलीही. पण लग्न झालं आणि गौतमला न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात काम मिळालं. निघायच्या दिवशी अनंतराव तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिच्या बॅगांना दोऱ्या बांधत राहिले.

मला या घरात लावलं गेलं ते याचसाठी. वनमालाबाई, म्हणजे शर्मिष्ठाची आई, माऊस धरायला शिकल्या. सुरुवातीला तो पोळपाटावरच्या लाटण्यासारखा दोन्ही हातांनी फिरवायच्या. रोज दुपारी आमची जेवणं आटोपली की तिकडे संध्याकाळ झालेली असायची आणि पडद्यावर शर्मिष्ठा यायची. मधूनच चित्र अडकायचं, तिचं तोंड उघडंच राहायचं, आणि अनंतराव पोट धरून हसायचे. बोलायचे मात्र थोडंच. मुलीला बघत बसायचे.

मग एका वर्षी खंडेनवमी आली. त्या दिवशी या घरात सगळ्या हत्यारांची पूजा होते आणि कोणतंही हत्यार कामाला लावत नाहीत. अनंतरावांनी आपला रेल्वेतला जुना कंदील पुसून मांडला. पाने-पक्कड, विळी, शिलाई मशीन, स्कूटर, सगळ्यांना ओलं कुंकू लावलं. ते उठणार तेवढ्यात वनमालाबाई म्हणाल्या, "याले काहून सोडता? याच्यातूनच तं पोट्टी दिसते आपली."

अनंतरावांना ते एकदम पटलं. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि ज्यानं मुलगी दिसते तो याचा डोळाच, अशा भावनेनं बरोबर माझ्या काचेवर ठेवलं. खरं तर मुलगी पडद्यावर दिसते, माझ्यातून दिसतात ते घरातले. पण त्या बोटात इतकी माया होती की मला राग आला नाही. माझं जग तेवढं लाल होऊन गेलं.

दसरा उलटल्यावर शर्मिष्ठा पडद्यावर आली. इकडे तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तिकडे तिला नुसता लालसर अंधार. गौतमनं तार काढून परत घालायला सांगितली. अनंतरावांनी ती काढली, फुंकर मारली, परत घातली. कुंकवाचा विचार कोणाच्या मनात आला नाही. शेवटी मी बिघडलो असं ठरलं आणि रविवारी शंकर नगरातून नवा कॅमेरा आणायचं ठरलं.

त्या रविवारच्या आतच अनंतरावांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून परतले ते एका बाजूनं लुळे होऊन. तोंड वाकडं झालं होतं, शब्द जिभेवर अडखळत होते. त्यांची खाट संगणकासमोरच भिंतीला लागून टाकली, म्हणजे बोलणं ऐकू यावं आणि पडदाही दिसावा.

एका सकाळी वनमालाबाई धूळ पुसायला आल्या आणि त्यांना माझ्या काचेवर वाळलेलं कुंकू दिसलं. त्यांनी पदराचं टोक उचललं. ते माझ्यापर्यंत आलं, आणि थांबलं. शर्मिष्ठाला झटक्याचं अजून कळवलं नव्हतं; तिला सातवा महिना होता, आणि तिकडच्या डॉक्टरांनी तिला जपायला सांगितलं होतं. वनमालाबाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "राहू द्या असंच. तुमाले असं पाहून पोट्टीले काही झालं तं?" अनंतरावांनी डोळे मिटले. त्यांना काय म्हणायचं होतं ते कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून रोज दुपारी या घरात खोटं बोललं जाऊ लागलं. बाबा झोपलेत. बाबा बाजारात गेलेत. बाबा नवा कॅमेरा आणणारच आहेत. बाजारात गेलेले बाबा समोरच्या खाटेवर पडून सगळं ऐकत असायचे. लाल काचेतूनही मला त्यांच्या गालावरून ओघळणारं पाणी कळायचं. मित्रांनो, दाखवणं हेच माझं काम, आणि मी काही दाखवू शकत नव्हतो. मला फार वाईट वाटायचं.

एके दुपारी शर्मिष्ठा पडद्यावर आली. आईनं डोहाळजेवणाचं विचारलं, तिनं ते तिथंच तोडलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, खरं सांग. बाबा माझ्यावर नाराज आहेत ना? मी निघाले तेव्हाही ते बोलले नाहीत. आताही कॅमेरा आणत नाहीत, म्हणजे त्यांना माझ्यासमोर यायचंच नाही."

वनमालाबाईंनी पुन्हा बाजाराचं कारण सांगायला तोंड उघडलं. आणि मागे खाट करकरली.

अनंतराव उठले होते. चांगल्या हातानं भिंत धरत, मग खुर्चीची पाठ धरत, लुळा पाय ओढत ते माझ्यासमोर आले. वनमालाबाई त्यांना धरायला धावल्या, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक त्यांनी जिभेवर ओलं केलं आणि माझा डोळा पुसला. एकदा, दोनदा, नीट लख्ख होईपर्यंत. माझ्या समोर त्यांचा वाकडा चेहरा होता, दाढी वाढलेला, थरथरणारा. तो जसा होता तसा मी ऑकलंडला पाठवला.

शर्मिष्ठानं तोंडावर हात ठेवला. अनंतरावांनी एकेक शब्द ओढून काढला.

"शमे, नाराज नाही. मी इथंच आहो."

ती खूप रडली, आणि तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम अनंतराव माझ्यासमोर करू लागले. वनमालाबाईंनी सांगितलं तर कंटाळा करायचे, पण पडद्यातून मुलगी म्हणाली की मुकाट हात वर उचलायचे. थंडीत नातीचा जन्म झाला. आजोबांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पडद्यावर, आणि आजोबांचं वाकडं हसू तिला पोहोचवलं मी. त्या उन्हाळ्यात शर्मिष्ठा आणि गौतम नातीला घेऊन रायपूरला येणार होते. त्याआधीच अनंतराव गेले.

शर्मिष्ठाची आणि त्यांची प्रत्यक्ष भेट राहिलीच. याचं दुःख मला आजही आहे. पण आल्यावर ती त्या रिकाम्या खाटेवर बसून आईला म्हणाली, "बाबा माझ्यावर रागावून गेले नाहीत, हे मला माहीत आहे." ते ऐकून मला वाटलं, माझं काम झालं.

आता वनमालाबाईंकडे मोबाईल आहे आणि मी शिलाई मशीनच्या खणात असतो, बॉबिनांच्या शेजारी. खंडेनवमीला त्या मला बाहेर काढतात, जुन्या कंदिलाजवळ ठेवतात. कुंकू लावतात ते माझ्या पाठीवर. डोळा मात्र पदरानं पुसतात.

मित्रांनो, तुमच्याकडची यंत्रं माझ्याहून कितीतरी हुशार आहेत. त्यांची काच पुसत जा. आणि दूरचं माणूस तुम्हाला बघायला आलं, की आजारी असा, रडवेले असा, म्हातारे झालेले असा, तसेच समोर बसा. तिकडे कोणीतरी तुमचा चेहरा बघण्यासाठी थांबलेलं असतं.