वापरात नसलेली जागा

लाल डोक्याची टाचणी — नकाशात शिरताना कागद जरासा कुरकुरला, आणि ती नेमकी कुठे शिरली हे बघायची क्रांतीला गरजच पडली नाही. दिवाळे गावाची जेटी, तिच्या उत्तरेला होड्या ओढून ठेवतात ती जागा, तिथून तीस पावलांवर तिरप्या बारीक रेषांनी भरलेला चौकोन... रेषा तिच्याच हातच्या, नऊ वर्षांपूर्वीच्या, आणि खाली तिच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं : वापरात नसलेली जागा.

"मॅडम, तुमचा प्रबंध बेस धरलाय मी," टाचणी टोचून भावना म्हणाली. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाची ही मुलगी दिवाळ्याचीच, कोळ्यांची. संशोधन पद्धतीच्या तासाला आपल्याच गावाचा विषय घेऊन उभी होती. "आता तिथे माझी आजी मासळी वाळवते. पण तुमच्या सर्व्हेत तिथे काहीच नाहीये. म्हणजे आमच्या लोकांनी ती जागा नंतर अडवली असणार ना?"

वर्गाने माना डोलावल्या. क्रांती म्हणाली, चांगलं निरीक्षण आहे, पुढे चला. म्हणाली खरी, पण नंतर उभी राहिलेली चार मुलं काय बोलली ते तिच्या कानांवरून गेलं. आजीपेक्षा माझ्या नकाशावर विश्वास ठेवला हिने... आणि ठेवू नये तर काय करावं, दर वर्षी पहिल्याच तासाला मीच सांगते की ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, मोजलेल्यावर जा.

मोजलं होतंच की तिने. टेप धरून, छत्री मानेत अडकवून, इंच न् इंच मोजलं होतं. फक्त मोजलं होतं जुलैत. कॉलेजचं सत्र जूनमध्ये सुरू होतं, पाहणी पहिल्या दोन महिन्यांत उरकावी लागते, म्हणून आर्किटेक्चरच्या पोरांनी बघितलेला प्रत्येक कोळीवाडा पावसाळ्यातलाच असतो : मासेमारी बंद, होड्या ताडपत्रीखाली, वाळवणीची जागा चिखलाने भरलेली, ओसाड. तिलाही ती ओसाडच दिसली होती. पण तेव्हा दारात जाळं शिवत बसलेल्या गंगूकाकीने तिला हाक मारून सांगितलं होतं की हा आमचा मासली वालवायचा खला हाय, दिवालीनंतर ये, पाय ठेवायला जागा मिलनार नाय. क्रांतीने ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले होते, तारखेसकट. आणि प्रबंध द्यायचा होता ऑक्टोबरमध्ये...

वहीतलं ते पान तिने वगळलं. घेतलं असतं तर पुन्हा जावं लागलं असतं, मोकळ्या जागेवर बेतलेलं अख्खं शेवटचं प्रकरण कोसळलं असतं. प्रबंधाला त्या वर्षीचं पारितोषिक मिळालं. पारितोषिकावर नोकरी मिळाली, करंजाड्याचं घर झालं, आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात जन्मभर कारकुनी केलेल्या तिच्या वडिलांनी तो प्रबंध बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवला. तिथे तो अजून आहे. त्याच्याकडे बघायचं ती टाळते.

सकाळी श्यामसुंदर सरांचा फोन येऊन गेला होता. प्रबंधाला मार्गदर्शक तेच होते; आता जेटीच्या परिसराचा आराखडा त्यांच्या ऑफिसकडे आहे आणि त्या चौकोनावर त्यांनी वाहनतळ काढलाय. सोमवारी नकाशे मंजुरीला जाणार, संशोधन सल्लागार म्हणून तुझी सही हवी, बाकीच्यांकडे नुसतं डिझाईन असतं, आपल्याकडे पाया आहे, असं सर कौतुकाने म्हणाले होते. तिने बरं म्हटलं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात... नऊ वर्षं खवखवतंय, आणि तरी मी बरं म्हटलं.

तास संपल्यावर तिने बेलापूरहून दिवाळ्याची रिक्षा केली. कशासाठी, ते तिला धड सांगता आलं नसतं; कुणीतरी चार शब्द सुनावावेत असं मात्र मनापासून वाटत होतं.

खरोखरच पाय ठेवायला जागा नव्हती. काठ्यांवर बोंबील टांगलेले, खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला, आणि मधोमध, डोक्यावर पदर ओढून, हाताने जवळा खालीवर करत बसलेली गंगूकाकी. तिने क्रांतीला लगेच ओळखलं. मापावाली पोर ना गो तू, म्हणाली. आपल्या नातीची, भावनाची मॅडम तीच, हे काकीला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

"येथं गाड्या लावनार बोलतान," ती हात न थांबवता म्हणाली. "मी भावनाला बोलली, घाबरू नको. मॅडमच्या पुस्तकान आपला खला लिवलेला हाय. मीच तर सांगितलेला तिला. तां पुस्तक दाखवू सायबाला."

"काकी, पुस्तकात ते नाहीये. मी लिहिलंच नाही."

काकीचा हात थांबला. तिने वर पाहिलं. आता येईल, आता ऐकायला मिळेल, म्हणून क्रांती जवळजवळ आशेने उभी राहिली.

"ऱ्हायला असंल गो," काकी म्हणाली. "पोरच व्हतीस तू. येवरा समदा कोनाचे ध्यानान ऱ्हाते?"

राहिलं नव्हतं, काकी. एवढंच म्हणायचं होतं. वहीत होतं, तारखेसकट होतं... पण क्रांतीची मान हलली होती. हो, राहिलंच असेल, अशी. तिला न विचारताच हलली होती.

सोमवारी सही नाकारता येईल, सरांना खरं सांगता येईल, कदाचित नकाशाही बदलेल. पण ही मान... लाज वाटते म्हणून आपण इथवर आलो, असं ती रिक्षात बसताना समजत होती. कुठली लाज, ती पकडलं जाण्याची भीती होती नुसती. खरी लाज ही, आत्ताची. आणि काकी तर सरकून तिला बसायला जागा करून देत होती, आणि ती बसत होती.