पावणेसहाला थोडं कमी

गोपाळकृष्णशास्त्र्यांनी ताडपत्राची पट्टी पितळी पात्याच्या बुडाशी धरली, तेवढीच नखाने तोडली आणि घड्या घालून तिचे बारा सारखे भाग पाडले. मग तीच पट्टी पात्याच्या उभ्या कडेला लावली.

"चार भरले. पुण्याचं माप; गाव जितकं उत्तरेला, तितकं पातं उंच. माधवा, हे इथेच घडलंय. काशीची नक्कल आहे."

तळहातावर मावणारं ते छायायंत्र माधवच्या वडिलांचं. कसब्यातल्या या राममंदिरात तीस रामनवम्या त्यांनी त्यावर मध्यान्ह पाहून हात वर केला होता, आणि तो हात पाहूनच कीर्तनात रामजन्म झाला होता. पणजोबांनी काशीहून यंत्र आणलं, म्हणून घराण्याला हा मान. वडील माघात गेले आणि थोरल्या शाखेतला चुलतभाऊ अनंत दुसरंच यंत्र घेऊन आला. अस्सल आमच्याकडे, तेव्हा मानही आमचा, असं त्याचं म्हणणं.

शास्त्र्यांनी त्याचंही पातं उघडून तसंच मापलं.

"पावणेसहाला थोडं कमी. काशीचं. हे अस्सल."

"तीस वर्षं देवाला नकली वेळ दिलीत," अनंत म्हणाला. "काकांना ठाऊक होतं की नव्हतं, एवढंच विचारायचं राहिलं."

"दादा, तुमचं यंत्र तीस वर्षं पेटीतच होतं. पातं कुठल्या बाजूने उघडतं, ते तरी आज कळलं ना?"

"भांडण बाहेर," शास्त्री म्हणाले. "पादत्राणांपाशी जागा आहे."

कीर्तन उभं राहिलं. हरिदासबुवांचा आवाज झांजांवरून असा वर चढला की खांबाला टेकलेली म्हातारी माणसंही सरसावून बसली. कौसल्येच्या महाली दिवे लागले, दासींची धावपळ झाली, आणि बुवांनी ती सगळी उंबरठ्याशी थोपवून धरली. आता त्यांची नजर सारखी अंगणाकडे वळत होती.

अंगणातल्या फरशीवर दक्षिणोत्तर रेघ कोरलेली होती. अनंतने यंत्र रेघेवर ठेवलं आणि गुलालाची मूठ भरून तो वाकून बसला. त्याचा गळा घामाने निथळत होता.

काशीचं पातं काशीच्या आकाशासाठी तासलेलं. ते इथे चुकणार, हे माधवला शास्त्र्यांनी पट्टी लावली तेव्हाच कळलं होतं. सांगायला हवं होतं. त्याने गुलाल मुठीत घट्ट आवळला आणि आपलं यंत्र रेघेच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. किती चुकतं, तेवढंच पाहायचं होतं.

दोन्ही पात्यांच्या पश्चिमेला सावली होती. ती बोटाएवढी झाली, मग काडीएवढी, मग दोऱ्याएवढी. माधवने एका पात्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, पुन्हा पहिल्याकडे. दोन्ही दोरे एकदमच पात्यांखाली गेले.

अनंतचा हात वर गेला. माधवचाही गेला. कुणाचा आधी, ते बुवांनी पाहिलं नसावं. त्यांनी पाळण्याची दोरी धरली आणि अख्ख्या सभामंडपाने पाळणा म्हणायला सुरुवात केली.

गुलालाचा लोट खाली बसल्यावर माधव शास्त्र्यांपाशी गेला.

"काशीचं पातं पुण्यात बरोबर कसं आलं?"

"मध्यान्हाला उत्तर दिशा तेवढी नेमकी लागते. काशी काय आणि पुणं काय, सावली पात्याखालीच जाते. फरक पडतो तो सकाळ-संध्याकाळच्या घटकांना."

"मग हे सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दोघांनी अस्सल कुठलं ते विचारलंत."

मागे अनंत रेघेपाशी गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही यंत्रं गुलालात बुडाली होती. त्याने एक उचललं, उपरण्याच्या सोग्याने पुसलं, पात्याची उंची बोटाने चाचपली. मग बिजागरीत गेलेला गुलाल फुंकून काढला आणि यंत्र माधवपुढे धरलं.

"घे तुझं खोटं," तो म्हणाला.

त्याचं स्वतःचं अजून फरशीवर तसंच लाल पडलं होतं.