हद्दीतलं विमान

मानवानं आकाश जिंकलं, त्याला सव्वाशे वर्षं होत आली. कोथरूडमध्ये मात्र आकाश सेक्रेटरी हिंमतरावांच्या ताब्यात होतं, कारण गच्चीची किल्ली त्यांच्या खिशात असे.

गोपाळरावांनी तीन अर्ज केले तेव्हा कुठे परवानगी मिळाली. रविवारी साडेदहा ते अकरा. विमान सोसायटीच्या हद्दीतच उडवावे, वाळवणास धक्का लागू नये, कोणाची दुपारची झोप मोडू नये. विमान सकाळचं, अट दुपारची. पण अट ती अट.

विमान म्हणजे हलक्या फोमचं, वजनाला दोन बटाट्यांएवढं. नाकावर पंखा, हातात रिमोट. एकोणिसाव्या वर्षी हवाई दलानं गोपाळरावांना चष्म्यावरून घरी पाठवलं होतं. सत्तरीत विमान आलं, तोवर काचबिंदूही आला. "कडेचं दिसणं गेलं ते गेलं," डॉक्टर म्हणाले, "मधलं दिवाळीपर्यंत टिकेल, असं म्हणू या."

म्हणजे जागेची टंचाई दोन्हीकडून. गच्ची तीस फुटांची, त्यात दोन टाक्या आणि सोलरची रांग. आणि डोळ्यांत उरलेलं नळीएवढं भोक. तेवढ्यातून एकदा, एकदाच, आपण उडवलेलं विमान त्यांना बघायचं होतं.

"मी सांगत जाते, तुम्ही वळवा," मंदाकिनीबाई टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून म्हणाल्या. महिनाभर दोघांनी जेवणाच्या टेबलाभोवती तालीम केली होती. विमान आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं, एवढं सोडून सगळं पाठ होतं.

गोपाळरावांनी विमान फेकलं. ते चक्क उडालं. नळीतून एक निळा पंख सरकला आणि गेला.

"मंदा, कुठंय?"

"उजवीकडे घ्या! अहो, माझ्या नव्हे, त्याच्या उजवीकडे!"

"त्याची उजवी कुठली?"

"ते तोंड करील त्यावर!"

गोपाळरावांनी रिमोटची दांडी ढकलली. भिरभिर कठड्याकडे गेली. खाली थप्प झालं.

"काय गं पडलं?"

बाईंनी कठड्यावरून खाली पाहिलं. "नारळ."

सोसायटीत नारळाचं झाड नव्हतं. हे दोघांनाही चाळीस वर्षं माहीत होतं.

"आणि विमान?"

"आहे की. सोलरच्या वर. डावीकडे घ्या... हळू. हां. काय सुरेख वळलं हो!"

"आवाज नाही येत."

"उंच गेलंय."

"हद्दीत आहे ना?"

"हद्दीतच आहे."

गोपाळरावांनी मान वर केली आणि दांडी नखाएवढी हलवत, कुठेही धक्का न लावता, अगदी सावकाश दुसरी फेरी सुरू केली. बाई डोळे पुसत दिशा सांगत राहिल्या.

तेवढ्यात पार्किंगमधून हिंमतरावांची हाक आली.

"अहो गोपाळराव, तुमचं विमान माझ्या स्कूटरवर पडलंय. तेवढं उचलून नेता का? मला कोथिंबीर आणायची आहे."