सोळा इंच

सॉर्लिन तळ्याकाठच्या लोकांचा देवावर किती विश्वास होता ते देव जाणे, पण उर्हो किवेलाच्या आकड्यावर मात्र होता. डिसेंबरात तळं गोठलं की म्हातारा दर रविवारी आणि बुधवारी गिरमिट घेऊन बर्फावर जायचा, ठरलेल्या जागी भोकं पाडायचा, पट्टी आत सोडून जाडी मोजायचा आणि घरी येऊन तो आकडा आपल्या वेबसाइटवर टाकायचा. चार इंच असला तर माणसानं चालावं. पंधराच्या वर गेला की लोक पिकअप घेऊन थेट तळ्याच्या मध्यावर जायचे, तिथं आपापली लाकडी खोपटं मांडायचे आणि आत शेगडी पेटवून, बर्फातल्या भोकात गळ सोडून दिवसभर बसायचे. मिनेसोटाच्या त्या टोकाला हिवाळ्यात दुसरं करण्यासारखं असतं तरी काय?

साइट उर्होनं स्वतः लिहिली होती. लोखंडाच्या खाणीत जन्मभर यंत्रांवरचे काटे दुरुस्त केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर हातांना काहीतरी चाळा लागणारच. सर्व्हर म्हणजे एक जुना कॉम्प्युटर, साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत टॉवेलांच्या फळीखाली ठेवलेला. उर्हो त्याला डबा म्हणायचा. शनिवारी सकाळी अख्खं तळं एकदम साइट उघडायला जायचं आणि डबा मान टाकायचा. मग बर्नाडीनच्या दुकानात गळ आणि आमिष घ्यायला आलेली मंडळी कॉफी पीत चेष्टा करायची. कुणी म्हणायचं, बर्फाआधी उर्होचा डबाच फुटेल. उर्हो मख्खपणे ऐकून घ्यायचा. फारच झालं तर म्हणायचा, "साइट उघडली नाही म्हणून आजवर कुणी बुडालं नाही."

ही चेष्टा सगळ्यात जास्त लागायची ती सिग्नीला, त्याच्या सुनेला. सिग्नी डकोटाच्या माळरानावरची, जिथं पाणी म्हणजे नळातलं. काउंटीच्या कचेरीत ती कॉम्प्युटर सांभाळायची, आणि सासऱ्याचं मशीन गावासमोर दर आठवड्याला तोंडघशी पडतं याची तिलाच लाज वाटायची. पण खरं कारण वेगळं होतं. तिचा नवरा रेनो बापाशी बोलत नव्हता.

रेनोची आई हेल्मी इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा उर्हो बर्फ मोजायला गेला होता. लोक आकड्याची वाट बघत असतात, आत्ता जाऊन येतो, म्हणाला. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या दिवसापासून रेनोनं बापाचं नाव टाकलं. फोन आला तर उचलायचा नाही. नाताळला सिग्नी एकटीच ताट झाकून सासऱ्याकडे न्यायची. मात्र रोज सकाळी, कॉफीचा पहिला घोट घ्यायच्या आधी, रेनो फोनवर साइट उघडायचा. बापाचं तोंड बघणार नाही, पण बापाचा आकडा बघितल्याशिवाय बर्फावर पाऊल ठेवणार नाही. बापलेकात उरलेला धागा तेवढाच, आणि तोही दर शनिवारी तुटायचा. सिग्नीला तो पक्का करायचा होता. चांगलं करायला निघालेल्या माणसासारखं धोक्याचं माणूस नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन उर्होच्या स्वयंपाकघरात बसली. डब्याच्या पुढे दुसरा एक सर्व्हर बसवायचा, असं तिनं त्याला समजावलं. तो दूर शहरात भाड्यानं मिळतो, दणकट असतो, आणि अशा पुढे बसवलेल्या सर्व्हरला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. सरळ सांगायचं तर दारात बसवलेला माणूस. आलेल्यानं त्यालाच विचारायचं. तो आत जाऊन डब्याकडून उत्तर आणणार आणि लक्षात ठेवणार, म्हणजे दर पाहुण्यासाठी डब्याला उठवायला नको.

"आणि समजा डब्याकडून उत्तरच आलं नाही," तिनं विचारलं, "वीज गेली, काहीही झालं, तर लोकांना काय दिसू दे?"

उर्हो वेलचीचा पाव कॉफीत बुडवत होता. "जे खरं असेल ते," तो म्हणाला.

सिग्नीला ते उत्तर फार आवडलं. खरं म्हणजे शेवटचा मोजलेला आकडा, दुसरं काय? 'साइट उपलब्ध नाही' असलं रडकं पान दाखवण्यापेक्षा तो केव्हाही बरा. तिनं प्रॉक्सीच्या फाइलमध्ये एक ओळ घातली: मागचा सर्व्हर गप्प असेल तर जवळची जुनी प्रत दे. तिच्या धंद्यात ही ओळ शहाणपणाची समजतात. घरी येऊन तिनं डब्याकडे जाणारा रस्ता मुद्दाम अडवून पाहिला. साइट जशीच्या तशी उभी होती. त्या संध्याकाळी ती स्वतःवर खूश होती, आणि ती खुशी नंतर तिला सगळ्यात जास्त छळायची होती.

साइट त्यानंतर एकदाही पडली नाही. शनिवारी झटकन उघडायची. बर्नाडीननं दुकानात सिग्नीची पाठ थोपटली, आता चेष्टा कुणाची करायची म्हणून कुरकुरही केली. आणि फेब्रुवारीत एका सकाळी फोनवरून मान न उचलता रेनो म्हणाला, "पाची साइट बरी चालते गं हल्ली." बापासाठीचा पा हा शब्द सिग्नीनं त्याच्या तोंडून कितीतरी वर्षांनी ऐकला. उगाच दृष्ट लागायची म्हणून ती नुसती कॉफी ओतत राहिली. पण दिवसभर कचेरीत ती गुणगुणत होती.

मार्चमध्ये बर्फावरची खोपटं उचलायची सरकारी मुदत येते. खोपट तळ्यात राहिलं तर दंड, आणि त्याहून वाईट म्हणजे गावभर नाचक्की. रविवारी उर्होनं सोळा इंच लिहिले. सोमवारी दिवसभर पाऊस पडला आणि दक्षिणेकडचा गरम वारा सुटला. मंगळवारी सकाळी आपलं खोपट आणायला निघताना रेनोनं फोन पाहिला. सोळा इंच, पिकअप चालेल. पाऊस झालाय, जरा थांब, असं सिग्नी म्हणालीसुद्धा.

"अगं, वाईट असतं तर म्हाताऱ्यानं साइट ठेवली असती का?" तो म्हणाला. "तो माणूस कसाही असो, बर्फाच्या बाबतीत खोटं बोलत नाही."

'ठेवली असती का' याचा अर्थ सिग्नीनं विचारला नाही. म्हणजे काय ते रेनोला माहीत होतं, आणि तिलाही माहीत असेल असं तो धरून चालला होता. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट कुणी कुणाला सांगत बसत नाही.

दुपारी कचेरीत तिला उर्होचा फोन आला. कचेरीत तो कधी फोन करत नसे.

"पोरी, रेनोचा पिकअप बर्फावर दिसतोय," तो म्हणाला. "खिडकीतून बघतोय मी. हा गेला कसा?"

"साइट बघून गेला. सोळा इंच."

"साइट मी काल बंद केली."

"बंद केली म्हणजे?"

"म्हणजे डबा बंद केला. पावसानं बर्फ आतून सडला की बंदच करतो मी. सडलेला बर्फ इंचात सांगता येत नाही, पोरी. सोळा इंच असतो आणि मांजराचं वजन पेलत नाही. पूर्वी एकदा लिहिलं होतं मी, दहा इंच, पण सडका. लोकांनी दहा तेवढं वाचलं. तेव्हापासून वाईट असला की साइटच बंद. साइट नाही म्हणजे तळं नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे इथं."

सिग्नीनं हातातल्या फोनचा स्पीकर चालू करून समोरच्या कॉम्प्युटरवर साइट उघडली. ती झटकन उघडली. सोळा इंच, पिकअप चालेल, मोजमाप रविवारचं. बुधवार अजून यायचा होता, तेव्हा त्या तारखेतही कुणाला काही खटकण्यासारखं नव्हतं. शनिवारी डबा पडायचा तेव्हासुद्धा माणसं घरी बसायची. चेष्टा करायची, शिव्या द्यायची, पण बसायची. त्या डब्याचं पडणं हीच गावाची राखण होती, आणि तिनं ती नीट दुरुस्त करून टाकली होती.

"त्याला फोन करा," ती म्हणाली.

"केला. माझा उचलत नाही तो."

तिनं केला. वाजत राहिला. रेनो कोट गाडीत टाकून खोपटाच्या पायाशी गोठलेला बर्फ फोडत असणार, आणि फोन कोटाच्या खिशात. पुन्हा केला, पुन्हा वाजला. काउंटीच्या पोलिसांना, शेरीफच्या कचेरीला, कळवलं. मग काय करावं ते न सुचून तिनं प्रॉक्सीच बंद केली. साइट गेली. पांढरं कोरं पान आलं. एवढंच करायचं होतं, आणि ते कालच आपोआप झालं असतं, तिनं काही केलं नसतं तर. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण मारुती निदान देव तरी असतो.

ती पोहोचली तेव्हा किनाऱ्यावर माणसं जमली होती. अग्निशमन दलाची पिवळ्या पोशाखातली माणसं दोरखंड बांधून पोटावर सरपटत पुढे जात होती. ओढ्याचं पाणी तळ्याला मिळतं आणि बर्फ कायम पातळ राहतो त्या बाजूला बर्फात काळी जागा दिसत होती, गाडीच्या टपाएवढी. खोपट मात्र लांब, होतं तिथं शाबूत उभं होतं. सिग्नीला कुणी पुढे जाऊ दिलं नाही. बर्नाडीननं तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि तिला जवळ घेतलं.

"त्याला बोल लावू नकोस, बाई," बर्नाडीन म्हणाली. "वेडेपणा करणाऱ्यातला नव्हता तो. मी पण सकाळी साइट पाहिली. व्यवस्थित चालू होती. तू नीट केल्यापासून काय छान चालते गं ती."

सिग्नीला ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगून काय होणार होतं? तिनं घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढली आणि काळ्या जागेकडे बघत राहिली. अंधार पडायच्या आत त्यांनी त्याला बाहेर काढलं. गाडीच्या काचा खाली होत्या, पट्टा काढलेला होता. मार्चमध्ये बर्फावर गाडी घालताना, बुडालीच तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून, तिथं सगळे तसंच करतात. सावध माणसानं करायचं ते सगळं त्यानं केलं होतं.

दफनानंतर लोक कॉफी पिऊन, पदार्थांची झाकलेली भांडी ठेवून निघून गेले, आणि उर्होच्या स्वयंपाकघरात दोघंच उरली. तेव्हा सिग्नीनं त्याला सगळं सांगितलं. जुनी प्रत, ती ओळ, सगळं. तिला वाटलं, तो उठून जाईल किंवा हात उगारेल. तो उठला नाही. वाकलेल्या बोटांनी टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिला.

"म्हणजे मी बंद केलं ते कुणालाच दिसलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"आधी दिसायचं."

"हो."

त्यानं गोळा केलेले कण बशीत टाकले. मग तो खिडकीकडे बघत बोलू लागला, जणू तिला नव्हे, हेल्मीला सांगत असावा. "तुझा फोन ठेवला आणि काठावर गेलो मी. हातवारे केले, ओरडलो. वारा उलटा होता, ऐकू जायचं नाही. पण त्यानं पाहिलं मला. थांबला. आणि हात केला."

सिग्नीनं खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"त्याला वाटलं मी बोलावतोय," उर्हो म्हणाला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हात केला त्यानं मला. गाडीत बसला, आणि आला होता त्या वाटेनं गेला नाही. सरळ माझ्याकडे यायला निघाला, ओढ्याच्या अंगानं."

सिग्नीचं रडायचं तेवढं रडून झालं होतं, आणि जे उरलं होतं ते रडण्यानं संपणारं नव्हतं. बाहेर तळ्यावर बर्फ करकरत होता, रोज थोडा थोडा फुटत होता. काही दिवसांत तो जाणार होता, आणि डिसेंबरात पुन्हा येणार होता.

उर्होनं खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका बोटानं साइटचं नाव लिहिलं. वाट पाहिली. पान उघडलं नाही. त्यानं पुन्हा लिहिलं, पुन्हा वाट पाहिली, आणि पांढऱ्या कोऱ्या पडद्याकडे मान हलवत पाहिलं.

"हं," तो म्हणाला, "आता बरोबर दाखवतेय."