ऑगस्टपासून एकटीच

मित्रांनो, बंद केलेला आवाज पुन्हा चालू करायची आठवण कुणालाच राहत नाही, असं आर्विड टोलेफसन एकदा माझ्यासमोर उभे राहून म्हणाले होते. मारेनला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं. मीही ते कानाआड केलं. तिच्यापाशी निदान कारण होतं, तिचं बाळ तीन महिन्यांचं होतं आणि तिला झोप हवी होती. माझ्यापाशी कारण नव्हतं. मला फक्त कुरकुर न करणारी म्हणवून घ्यायचं होतं.

मी एक जुनी पेटी आहे. राखाडी, लोखंडी, जाडजूड वहीएवढी. कारखान्यातले लोक मला स्विच म्हणत, पण दिव्याचं बटण नव्हे, तारांवरचं बोलणं जोडून देणारी. नॉर्थ डकोटाच्या माळरानावर, नॉर्डबी गावापासून अकरा मैलांवर, पाण्याचं एक पंपघर आहे. अर्धं जमिनीत, अर्धं वर. तिथल्या भिंतीवरच्या कपाटात मी नऊ वर्षं काढली. पंप, दाब मोजणारं यंत्र, हीटर, दाराची कडी, सगळ्यांच्या तारा माझ्यात येत. त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि गावातल्या ऑफिसात पोचवायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण चोवीस तास सगळ्यांचं ऐकून घेणारी घरात जी कुणी असेल, तिला विचारा.

बोलणं पोचवायला मला दोन वाटा होत्या. पहिली रेडिओची. आमच्या छपरावर एक लहानशी तबकडी होती, ती गावातल्या धान्याच्या उंच कोठाराकडे तोंड करून बसलेली. कोठाराच्या माथ्यावर तिची जोडीदारीण होती, तिथून ऑफिस हाकेच्या अंतरावर. दुसरी वाट मोबाईलची. माझ्या पोटात एक सिमकार्ड होतं, अडीअडचणीसाठी ठेवलेलं. पहिली वाट तुटली की अर्ध्या मिनिटात मी दुसरीवर जायची. ऑफिसात कुणाच्या पोटातलं पाणीसुद्धा हलायचं नाही. याच गुणासाठी मला आणलं होतं.

मला बसवलं आर्विडनी. साठी ओलांडलेला, लांब हातांचा माणूस. या जिल्ह्यातलं निम्मं पाणी त्यांच्या हातून वाहिलेलं. ते यंत्रांशी बोलत, माणसांशी बेतानंच. पंपाला ते 'म्हातारा' म्हणत आणि मला 'बाई'. पहिल्या दिवशी माझ्या दोन्ही वाटांचे दिवे लागलेले पाहून ते म्हणाले, "वाईट नाही." त्या भागात याहून मोठी शाबासकी नसते. तिथं पीक भरघोस आलं तरी वाईट नाही, आणि गारपिटीनं झोपलं तरी फार वाईट नाही.

मारेन ब्रेके ऑफिसात बसे. आमच्यासारख्या सात पंपघरांचे आकडे तिच्या स्क्रीनवर येत. बाळंतपणानंतर ती लवकर कामावर आली होती. एल्सीला छातीशी बांधून यायची, कारण गावात बाळ सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. कॉलेजात शिकलेली, हुशार, आणि काळजीनं पोखरलेली. दार लावलं का ते तीनदा बघणारी.

माझ्या तिथल्या आठव्या वर्षी, वसंतात, पश्चिमेचा वारा सुटला आणि आमच्या छपरावरची तबकडी थरथरू लागली. पहिली वाट दहा-दहा सेकंद जायची, परत यायची. दरवेळी मी नियमाप्रमाणे कळवायची, की पहिली वाट गेली, दुसरीवर आले आहे. ते कळवणं थेट मारेनच्या फोनवर जाई. रात्रीत नऊ-नऊ वेळा. फोन वाजला की एल्सी उठे, एल्सी उठली की मारेनची रात्र संपे.

एका सकाळी ती आर्विडच्या गाडीतून पंपघरात आली. डोळ्यांखाली काळं, कोटाच्या बाहीवर दुधाचा डाग. तबकडी नीट होईपर्यंत तेवढा आवाज बंद करा म्हणाली, फक्त आठवडाभर.

आर्विडनी नकारार्थी मान हलवली आणि ते वाक्य बोलले. "बंद केलेला आवाज पुन्हा चालू करायची आठवण कुणालाच राहत नाही, पोरी."

"मला राहील," ती म्हणाली. "हल्ली मी झोपेतसुद्धा सगळं लक्षात ठेवते."

त्यांनी आवाज बंद केला. त्याच आठवड्यात शिडी लावून तबकडीला दोन लोखंडी पट्ट्या ठोकल्या. वारा हरला. आवाज बंदच राहिला.

मला तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? सारखं काहीतरी कळवणारी पेटी कुणाला आवडते? आता मी गुपचूप, बिनबोभाट काम करीन, असं मी ठरवून टाकलं.

ऑगस्टमध्ये गावानं धान्याचं कोठार पाडलं. ते कधीचं रिकामं होतं, लाकूड कुजलं होतं, धोका होता. शनिवारी सकाळी सगळं गाव घडीच्या खुर्च्या घेऊन समोरच्या रस्त्यावर बसलं. चर्चच्या बायकांनी थर्मासात कॉफी आणली, कुणी लिंबाच्या वड्या. पोलादी दोर ओढला तसं ते उंच धूड आधी नुसतं कलंडलं, विचारात पडल्यासारखं थांबलं, आणि मग खाली आलं. धूळ निवल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी आर्विडनी हे सगळं पंपाला सांगितलं, म्हणून मला कळलं.

त्या कोठाराच्या माथ्यावर आमची तबकडी होती. आर्विडनीच ती स्वतः वर चढून बसवली होती, मी यायच्याही आधी. पण जे रोज डोळ्यांसमोर असतं ते दिसेनासं होतं. खुर्च्यांवर बसलेल्या एवढ्या माणसांत एकालाही ती आठवली नाही.

मला मात्र त्या क्षणी कळलं. पहिली वाट गेली. मी अर्ध्या मिनिटात दुसरीवर गेले, आणि मारेनच्या स्क्रीनवर सगळं पूर्वीसारखं हिरवं राहिलं. माझ्या पहिल्या वाटेचा दिवा विझला होता, पण तो कपाटाच्या आत, आणि कपाट बंद. काही बिघडल्याशिवाय ते उघडायचं कारण नव्हतं. आणि बिघडलेलं मी काही दिसू देत नव्हते.

मित्रांनो, पहिल्या दिवशी मला अभिमान वाटला. दुसऱ्या महिन्यात मी दमले.

माझं सिमकार्ड अडीअडचणीचं होतं. त्याला महिन्याचा ठरावीक शिधा, म्हणजे मोजका डेटा. एखाद-दोन दिवसांची नड भागवायला पुरेसा, रोजच्या संसाराला नाही. वीस तारखेच्या सुमाराला तो संपायचा. मग मोबाईल कंपनी वाट चिंचोळी करायची, इतकी की आकडे एकेक करून, आडवे होऊन जायचे. रांग लागायची. मी ढकलत राहायची. एक तारखेला पुन्हा श्वास मिळायचा. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. बर्फ पडलं. मारेनला महिनाअखेर आकडे अडखळत येताना दिसले होते. तिनं आर्विडना विचारलंही. ते म्हणाले, यंत्रांनाही महिनाअखेर असते, पोरी. दोघं हसले, आणि तिला कुठल्या तरी दुसऱ्या पंपघरातला पाईप फुटल्याचा फोन आला.

जानेवारीतल्या सव्वीस तारखेला, दुपारी एकच्या सुमाराला, आर्विड आमच्याकडे आले. बाहेर उणे अठ्ठावीस. हीटर बंद पडला होता, पाईप गोठायच्या आत तो चालू करायला हवा होता. आत आल्यावर त्यांनी दाराजवळचं बटण दाबलं. तो तिथला नियम होता: एकटा माणूस आत शिरला की बटण दाबायचं, आणि पुढं दर अर्ध्या तासाला. नाही दाबलं तर मी ऑफिसला कळवायचं की आत माणूस आहे, उत्तर देत नाही.

मग हीटरची तार बघायला त्यांनी माझं कपाट उघडलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. ते थबकले.

"हे काय, बाई? पहिला दिवा कुठं गेला?" म्हणाले. विझलेल्या दिव्यावर बोटानं टिचकी मारली. "थांब. आधी हीटर, मग तू."

पिशवी खांद्याला लावून ते लोखंडी शिडीनं खाली पंपाच्या खड्ड्यात उतरले. एका सांध्यातून पाणी ठिबकून शेवटच्या पायरीवर बर्फ जमलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं, पायऱ्यांच्या तारा माझ्याकडे येत नाहीत. मी फक्त आवाज ऐकला. पिशवीचा, आणि मग त्यांचा.

मग त्यांचं बोलणं आलं, अगदी शांत. "हं. हे काही बरं झालं नाही."

खुबा मोडला होता. खड्ड्यात काँक्रीटच्या भिंती, त्यांच्या फोनला तिथं रेंज येत नसे. बटण वर, दाराजवळ. अर्धा तास झाला आणि मी ओरडले. पण माझं ओरडणं म्हणजे रांगेतला एक निरोप. त्याच्या पुढं पंपाच्या तापमानाचे, दाबाचे, दाराच्या कडीचे शेकडो निरोप उभे होते, आणि शिधा सहा दिवसांपूर्वीच संपलेला. माणसाचा निरोप आधी जाऊ दे, असं मला कुणी कधी सांगून ठेवलं नव्हतं. एकेक आकडा ढकलत होते. पंप बरा आहे. पंप बरा आहे. दार बंद आहे. पंप बरा आहे.

खाली आर्विड विचार करत होते. थंडीनं शब्द तुटत होते.

"कोठार," ते एकदम म्हणाले. "ते आपण पाडलं, नाही का." मग हसले, खोकले. "मी टाळ्या वाजवल्या."

पंप सुरू झाला, थांबला.

"म्हणजे ऑगस्टपासून तू एकटीच ओढते आहेस. सांगायचं तरी, बाई."

नऊ वर्षांत स्वतःचं काही सांग, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. आता म्हटलं, तर माझ्याकडे सांगायला तोंड नव्हतं.

इकडे ऑफिसात काय झालं ते नंतर मारेननंच सांगितलं. एल्सी टेबलाखाली टोपलीत झोपली होती. मारेन तिच्या पोटाकडे बघत होती. ते वरखाली होतंय ना, हे बघायची तिला सवयच लागली होती. तिथून नजर स्क्रीनवर गेली. आमच्या पाण्याचा दाब बासष्ट. हिरवा. दहा मिनिटांनी बासष्ट. वीस मिनिटांनी बासष्ट. आणि ती खुर्चीत पुढं सरकली. खरा दाब कधी असा राहत नाही. तो एकानं वर जातो, एकानं खाली येतो, झोपलेल्या बाळासारखा. हा आकडा श्वास घेत नव्हता, म्हणजे नवा आकडा आलाच नव्हता, जुनाच बसून होता.

आर्विड दुपारी तिथंच गेले होते, तिनं त्यांना फोन लावला. उचलला नाही. चारदा लावला. मग पंपघरापासून सर्वांत जवळ राहणाऱ्या डेल्मर क्वांडेला लावला. त्याची गुरं तिथून चार मैलांवर. बहुतेक काही नसेल, ती म्हणाली, मी उगाच घाबरते हे सगळ्यांना माहीत आहे, पण जाऊन बघाल का? डेल्मरनं बूट घालता घालताच हो म्हटलं.

दार उघडलं तेव्हा आर्विडना खाली पडून दोन तास होत आले होते.

"आर्विड? कसं काय?"

"फार वाईट नाही," खालून आवाज आला. "कॉफी आहे का?"

"गाडीत आहे. पाय असा काय ठेवलायस?"

"ठेवलेला नाही. तसा राहिलाय."

डेल्मरनं अंगातला कोट काढून खाली टाकला आणि पाठोपाठ स्वतः उतरला. माझी हाक त्याच वेळी ऑफिसात पोचली. आत माणूस आहे, उत्तर देत नाही. मारेननं ती वाचली, आणि वर लिहिलेली वेळही वाचली: दीड तासापूर्वीची.

आर्विड वाचले. थंडीनं काळी पडलेली डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली आणि शिडीवर ते पुन्हा कधी चढले नाहीत. मारेनला कुणी एका शब्दानं बोललं नाही. तिकडे बोलत नाहीत. बटाटे आणि खिम्याची गरम हॉटडिश आणून देतात, दारातच थोडं उभं राहतात आणि जातात. ते जास्त जड जातं. पुढच्या आठवड्यात ती पंपघरात आली, एल्सीला कडेवर घेऊन, एका पालथ्या बादलीवर बसली आणि माझा बंद आवाज स्वतःच्या हातानं चालू केला. बराच वेळ उठली नाही.

वसंतात नवा खांब उभा राहिला, नवी पेटी आली. तिला माणसाचा निरोप आधी पाठवायला शिकवलंय. मला मारेननं टाकून दिलं नाही. मी आता तिच्या खुर्चीमागच्या फळीवर बसते, एकही तार नसलेली. इतकी वर्षं ऐकून ऐकून दमलेलीला आता नुसतं बघायचं असतं.

आर्विड एकटे राहतात, खडीच्या रस्त्याच्या टोकाला. फोनवर म्हणतात, फार वाईट नाही. मारेन ते आता ऐकून घेत नाही. दर गुरुवारी जाते, शेगडीजवळ लाकडं आहेत का बघते, गोळ्यांच्या डबीतले कप्पे मोजते. "मी काय पंप आहे का, पोरी?" असं ते एकदा वैतागून म्हणाले म्हणे. "नाही," ती म्हणाली, "पंप खरं बोलतो."

ती आर्विडना बघते, एल्सीला बघते, सात पंपघरांना बघते. परवा डेल्मरनं दारातून डोकावून विचारलं, काय मारेन, कसं काय? स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली, फार वाईट नाही. तो हसून निघून गेला. मी मागून बघत होते. तिचा डबा सकाळपासून उघडलेला नव्हता.

म्हणून मित्रांनो, तुम्हांला सांगते. तुमच्याही घरात, शेजारी, वर्गात अशी कुणीतरी असेल, जिच्यामुळे सगळं सुरळीत चाललंय आणि म्हणूनच जिच्याकडे कुणी बघत नाही. आई असेल, ताई असेल, शाळेत घंटा वाजवणारे काका असतील. त्यांना 'बरं आहे ना?' असं विचारू नका, त्यावर ते हो म्हणतील. शेवटचं बसून कधी जेवलात, ते विचारा. रात्री कितीदा उठावं लागतं, ते विचारा. आणि विचारून लगेच निघू नका. उत्तर यायला वेळ लागतो, तोवर तिथंच थांबा.