डोमाजी उभा होता तो पिंजरा

मी आरोपीचा पिंजरा बोलतोय. तोंड फिरवण्याआधी माझी हकीकत ऐका.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात सुतारानं मला बसवलं. साक्षीदाराच्या कठड्याला पॉलिश मिळालं, मला नुसतं तेल. माझ्यात आलेली माणसं आपसूक हात जोडायची. गुन्हा केलेली जोडायची, न केलेली जास्तच जोडायची.

१९५८ च्या उन्हाळ्यात डोमाजी आला. तो मात्र हात खाली सोडून ताठ उभा राहिला.

छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धम्म घेतला आणि गावची मेलेली ढोरं ओढणं, सोलणं कायमचं सोडलं. पाटलाला ते झोंबलं. त्याचा बैल मेला, तेव्हा कातड्यासाठी डोमाजीनंच विष घातलं अशी त्यानं फिर्याद दिली. बैल मेला होता कापलेल्या ज्वारीचे विषारी कोवळे फुटवे खाऊन. तांड्यावरच्या खेमसिंगनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तशी साक्षही त्यानं दिली.

"इंग्रजांच्या काळी तुमची जमात चोरांच्या यादीत होती ना?" सरकारी वकिलानं एवढंच विचारलं.

"यादी गोऱ्या सायबाईनं केली. बैलानं थोडीच वाचली?" खेमसिंग म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत पाटील माझ्यापाशी आला. "डोमा, कायले जिद करतं? पहिल्यासारखी ढोरं ओढतो म्हण. केस वापस घेतो."

"नाही ओढत, पाटील."

"जेलात जाशीन."

"जाईन."

डोमाजीसाठी एकही वकील उभा राहिला नाही. पाटलाची उलटतपासणी त्यानंच केली.

"पाटील, बैल कुठी हाय?"

"पुरला."

"ओढला कोणं?"

पाटलानं पागोटं सारखं केलं. मॅजिस्ट्रेटनं दटावल्यावर म्हणाला, "म्या... आन् माह्या दोन पोरांनी."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"आन् कातडं?"

"अंगावरच होतं. सोलाले कोणी आलं का तुमच्यातलं!"

"मंग मी मारला कायच्यासाठी?"

मॅजिस्ट्रेटनं प्रश्न लिहून घेतला. शिक्षा मात्र दिली, सहा महिने. निकालात लिहिलं, या लोकांची जुनी सवय सहजी सुटत नाही. लिहिणाऱ्याची खुर्ची माझ्याहून उंच होती, एवढाच त्या ओळीला आधार.

शिपाई डोमाजीला घेऊन निघाले. दाराशी त्याची बायको रुखमाबाई उभी होती. पाटलानं विचारलं, "काहो रुखमाबाई, आता तरी याल ना ढोरं ओढाले?"

"दोर तुमच्याच घरी ठेवा, पाटील. तुमच्या पोराईले आता सवय झाली."

डोमाजी हसला आणि बेड्यांसकट गाडीत चढला.

आता नवं कोर्ट झालंय. मी गोदामात पडलोय, अंगावर जुन्या फायली. उद्या मला मोडीत काढाल, लाकूड चुलीत घालाल. खुशाल घाला. फक्त गुन्हेगारांचा पिंजरा म्हणू नका. माझ्यात उभा राहिलेल्या सगळ्यांत ताठ माणसानं गुन्हा केलाच नव्हता.